पिस्तूल घरी येते

पिस्तूल ही वस्तू मराठी मध्यमवर्गीय घरात वर्षातून एकदाच येते, आणि तीही दिवाळीत. पत्र्याचे ते पिस्तूल, आत लाल कागदाच्या टिकल्यांची गुंडाळी; चार टिकल्या वाजल्या की पाचवी हटकून अडकायची, आणि मग आम्ही पोरे पिस्तूल बाजूला ठेवून उरलेल्या टिकल्या दगडाने ठेचून वाजवायचो. भाऊबीज झाली की ते माळ्यावर जाई आणि पुढच्या वर्षी गंजलेले सापडे. आमच्या घराण्याचा शस्त्रविद्येशी संबंध एवढाच. खंडेनवमीला आमच्या कोल्हापूरच्या घरी शस्त्रपूजेचा पाट मांडला जाई. त्यावर विळी, अडकित्ता आणि आजोबांची पानाची कात्री अशी तीन शस्त्रे हळदकुंकू लावून ठेवलेली असत.

तेव्हा वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, जर्मनीत स्टुटगार्टजवळच्या एका गावात, रात्रीच्या जेवणाला बसलो असता, "एक पिस्तूल घ्यावे म्हणतो," असे मी म्हणालो, त्यावर आमच्या सौभाग्यवतींनी आमटी वाढता वाढता सहज विचारले, "टिकल्यांचं ना?"

"नाही. नऊ मिलिमीटरचं."

पळी आमटीत परत गेली. मुलगा चौदा वर्षांचा. तो एकदा आईकडे आणि एकदा माझ्याकडे पाहू लागला. त्यानंतर त्या विषयावर आमच्या घरात जवळजवळ वर्षभर बोलणे चालू होते, आणि ते बोलणे पिस्तुलाबद्दल फार थोडे व घराबद्दल पुष्कळ होते, हे आता ध्यानात येते.

मुळात मी या वाटेला लागलो तो शेजारधर्म म्हणून. जर्मनीतल्या लहानसहान गावांतून एक नेमबाजांचे मंडळ असते. त्याला तिकडे 'शुत्सेनफेराइन' म्हणतात. कित्येक मंडळांची परंपरा मध्ययुगातल्या नगररक्षकांपर्यंत जाते. त्यांची देशव्यापी संघटना १८६१ साली गोथा या गावी स्थापन झाली, आणि २०१५ साली या परंपरेची नोंद जर्मनीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत झाली. ऐकायला हे फार भारदस्त वाटते. पण कोल्हापूरच्या माणसाला समजेल अशा भाषेत सांगायचे तर ती पेठेतली तालीम आहे. तिथे आखाडा, इथे पंचवीस मीटरचा पल्ला. तिथे मंडळाचा गणपती, इथे उन्हाळ्यातला नेमबाजीचा उत्सव, त्यात मिरवणूक, बँड आणि त्या वर्षीचा 'नेमबाजांचा राजा'. भिंतीवर जुन्या सभासदांच्या तसबिरी, कपाटात चषक, आणि एका कोपऱ्यात सगळ्या गावाची खबर ठेवणारे चार म्हातारे. नवख्याला कुणी हाकलत नाही, पण पहिले सहा महिने कुणी फारसे विचारतही नाही. हेसुद्धा तालमीसारखेच.

मला ज्यांनी हाताशी धरले ते चौऱ्याहत्तर वर्षांचे निवृत्त लेथ कारागीर. मंडळात सगळे एकमेकांना अरेतुरे करतात, तसा तिथला नियमच. पण वडिलांच्या वयाच्या माणसाला 'तू' म्हणताना माझी जीभ अडखळे. शेवटी मी त्यांना 'वस्ताद' म्हणू लागलो. अर्थ सांगितला तेव्हा म्हातारा खूष झाला, आणि आता सगळे मंडळच त्यांना 'वस्ताद' म्हणते. स्वाबियन तोंडातून तो शब्द 'वुश्टाड' असा काहीसा निघतो, एवढेच. मीही त्यांना आमच्या गावची महती ऐकवली. २०१० साली म्युनिकमध्ये, म्हणजे त्यांच्याच देशात येऊन, कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने पन्नास मीटर रायफलच्या प्रोन प्रकारात जगज्जेतेपद मिळवले. राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पंचवीस मीटर पिस्तुलात सुवर्णपदक घेतले. आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने कांस्यपदक आणले. वस्तादांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "मग तुझा नेम असा कसा?"

पहिले वर्ष मी मंडळाच्या .२२ च्या पिस्तुलावर काढले. ही लहान जात. गोळीचा व्यास ५.६ मिलिमीटर, वजन अडीच ग्रॅमच्या आसपास. आवाज काठी आपटल्यासारखा आणि हाताला धक्का नावालाच. ऑलिंपिकमध्ये पंचवीस मीटरचे पिस्तुलाचे जे दोन प्रकार आहेत तेही याच लहान जातीचे. मग मोठ्या जातीची हौस कशाला, असा प्रश्न कुणीही विचारील. त्याला माझ्याजवळ शहाणपणाचे उत्तर नाही. पेटी वाजवायला शिकलेल्या माणसाला एक दिवस देवळातला मोठा नगारा वाजवून पाहावासा वाटतो, तसेच ते आहे.

आपल्याकडे हा प्रश्न माझ्यापुढे आलाच नसता. १९५९ च्या शस्त्रकायद्याखाली ९ मिलिमीटरचे पिस्तूल सर्वसामान्य नागरिकाला निषिद्ध जातीत मोडते. आपले स्पर्धक मोठ्या पिस्तुलाच्या स्पर्धेत बहुधा.३२ वापरतात. जर्मनीत ते मिळते, पण पैसे टाकले आणि उचलले असे नव्हे. परदेशी माणसाचे देशात पाच वर्षे वास्तव्य नसेल तर तेवढ्याच कारणाने परवाना नाकारता येतो. मंडळात बारा महिने नियमाने सराव झाला पाहिजे, महिन्यातून एकदा किंवा वर्षातून अठरा वेळा, आणि त्याची नोंद वहीत पाहिजे. शस्त्रज्ञानाची परीक्षा द्यावी लागते. पोलिसांकडे चौकशी होते, आणि २०२० पासून गुप्तवार्ता खात्याकडेही होते. एवढे झाल्यावर जे हिरवे कार्ड मिळते त्यावर कचेरीतला माणूस आधीच लिहून देतो: पिस्तूल, अमुक कॅलिबर. ती नोंद वर्षभर टिकते, आणि दुकानात त्याबाहेरचे काही मिळत नाही. साडीच्या दुकानात शिरल्यावर काय घ्यायचे ते ठरवण्याची आपली सवय. इथे उंबरठ्याबाहेरच पोत आणि काठ लिहून द्यावा लागतो. म्हणून निवड आधी करणे भाग होते.

वस्ताद म्हणाले, "पुस्तके वाचू नकोस. सगळ्यांची मागून घे आणि उडवून पाहा." त्या हिवाळ्यात दर गुरुवारी मी कुणाचे तरी शस्त्र त्याच्याच देखरेखीखाली चालवून पाहिले.

पहिले होते ऑस्ट्रियन घडणीचे ग्लॉक १७. १९८२ साली त्या देशाच्या सैन्याने घेतलेले, अर्धे अंग प्लास्टिकचे. रिकामे असताना वजन सहाशे ग्रॅमच्या थोडे वर. हातात घेतले की कौतुक वाटते, इतके हलके. पण हलकेपणाचे कौतुक पहिल्या गोळीपर्यंतच. धक्का झेलायला शस्त्राजवळ स्वतःचे वजन नाही, म्हणून तो सगळा मनगटाकडे येतो. दिवसभर कमरेला बांधून फिरणाऱ्या शिपायाला हलकेपणा हवा. मला कमरेला बांधायचेच नव्हते.

दुसरे .४५. हे अमेरिकन जातीचे, जॉन ब्राउनिंगने रचलेले, १९११ साली तिथल्या सैन्याने स्वीकारलेले. व्यास साडेअकरा मिलिमीटरच्या जवळ. आवाज ऐकून वाटले, आता खांदा उतरणार; प्रत्यक्षात एका जाड माणसाने गर्दीत सावकाश ढकलावे तसा धक्का आला. माझा धंदा मोजमापाच्या यंत्रांचा असल्यामुळे घरी येऊन कागद घेतला. ९ मिलिमीटरची गोळी साधारण आठ ग्रॅमची, वेग सेकंदाला साडेतीनशे मीटर; .४५ ची पंधरा ग्रॅमची, वेग अडीचशेच्या थोडा वर. गोळीत साठलेली ऊर्जा दोघींची जवळजवळ सारखी, पाचशे ज्यूलच्या आतबाहेर. पण हाताला जाणवते ती वजन आणि वेग यांची साधी गुणाकार-रास, आणि ती .४५ मध्ये तिसऱ्या हिश्शाने जास्त. फक्त ती सावकाश येते, म्हणून सुसह्य वाटते. काडतूस मात्र ९ पेक्षा दीडपट महाग पडे. वर्षाला हजार-दोन हजार काडतुसांचा सराव धरला तर ही तफावत भारतवारीच्या तिकिटाशी जाऊन भिडते.

तिसरे रिव्हॉल्व्हर, .३५७ मॅग्नम. यात एक सोय अशी की त्याच नळीतून .३८ ची मवाळ काडतुसे चालतात. त्यांच्या चपट्या तोंडाच्या गोळ्या कागदावर पंचिंग यंत्राने पाडावे तसे सुबक भोक पाडतात. मला हे शस्त्र मनापासून आवडले. आत काय आहे, किती आहे, सगळे उघड दिसते, लपवाछपवी नाही. पण आमच्या मंडळाच्या स्पर्धेत निम्म्या गोळ्या सावकाश, पाच गोळ्यांना दीडशे सेकंद, आणि निम्म्या घाईच्या, पाच गोळ्यांना वीस सेकंद. वीस सेकंदांत दर वेळी अंगठ्याने घोडा मागे ओढायचा म्हणजे माझ्या बोटांची त्रेधा उडते.

चौथे चेक बनावटीचे, १९७५ सालच्या कुत्स्की बंधूंच्या रचनेचे सीझेड ७५. नऊ मिलिमीटर, सबंध पोलादी, वजन किलोभर. हाताळताच वस्ताद म्हणाले, "मूठ मिटून बघ. चापावर बोटाचे पहिले पेर पोचते की नाही ते बघ. बाकी सगळे नंतर." माझा पंजा लहान. पोचले. चाप कसा सुटावा याबद्दल पुस्तकांतून पुष्कळ उपमा आहेत, मी घरी आमच्या सौभाग्यवतींना सांगितले, "चांगल्या जमलेल्या चकलीसारखा. आधी काही नाही, आणि मग एकदम कुडुम." त्या म्हणाल्या, "आणि वाईट चाप?" म्हटले, "मऊ पडलेल्या चकलीसारखा. मोडतो की वाकतो तेच कळत नाही." या विषयावर त्या मोकळेपणाने हसल्या असे ते पहिल्यांदाच.

या सगळ्या परीक्षांत एक गोष्ट शिकलो, ती निवडीपेक्षा मोठी. आपण सगळे लहानपणापासून द्रोणाचार्यांची ती परीक्षा ऐकत आलो आहोत. अर्जुनाला झाड दिसत नाही, फांदी दिसत नाही, पक्ष्याचा फक्त डोळा दिसतो. मीही त्याच शिकवणीने काळ्या वर्तुळाच्या मधोमध डोळे लावून उभा राही. वस्तादांनी सांगितले ते नेमके उलटे: "लक्ष्याकडे पाहायचे नाही. पिस्तुलाच्या टोकावरच्या माशीकडे पाहायचे. लक्ष्य धूसर दिसले तरच तू बरोबर पाहतो आहेस." मला पटेना. पुन्हा कागद घेतला. मागची खाच आणि पुढची माशी यांतले अंतर एकशे साठ मिलिमीटर. लक्ष्य पंचवीस मीटरवर. माशी खाचेच्या मध्यापासून एक मिलिमीटर हलली तर गोळी पंधरा सेंटिमीटरांनी चुकते. आणि दहा गुणांचे वर्तुळ तर अवघे पाच सेंटिमीटरांचे. उलट, हात सरळ ठेवून सगळे पिस्तूल मिलिमीटरभर बाजूला सरकले तर गोळीही मिलिमीटरभरच सरकते. म्हणजे दूरचे काय आहे यापेक्षा हाताजवळचे नीट आहे की नाही हे पाहण्यात सगळा नेम. अर्जुनाच्या धनुष्याला माशी नव्हती, त्याचे शिक्षण त्याच्यापुरते बरोबरच होते. मला मात्र ती माशी स्पष्ट दिसावी म्हणून चाळिशीचा वेगळा नंबर काढून घ्यावा लागला.

शस्त्र ठरले. आता घर राहिले.

आमच्या गावापासून फार दूर नसलेले विनेन्डेन नावाचे एक गाव आहे. ११ मार्च २००९ रोजी तिथल्या शाळेत सतरा वर्षांचा एक माजी विद्यार्थी पिस्तूल घेऊन शिरला. त्या दिवशी पंधरा माणसे मारली गेली. त्यांत बहुतेक शाळकरी मुले आणि त्यांच्या शिक्षिका. पिस्तूल होते वडिलांचे. वडील नेमबाजीच्या मंडळाचे सभासद, शस्त्रे परवान्याची. बाकीची शस्त्रे तिजोरीत होती; हे एक निजायच्या खोलीत होते. पुढे न्यायालयाने वडिलांना निष्काळजीपणाबद्दल दोषी ठरवले. कायदाही बदलला. मोठ्या कॅलिबरला हात लावण्याचे वय अठरा झाले, आणि शस्त्रे कशी ठेवली आहेत ते पाहायला सरकारी माणसे न कळवता घरी येऊ लागली.

ही हकीकत आमच्या घरात मी आणली नाही. ती मुलाने आणली. त्याच्या वर्गात बाई त्याबद्दल बोलल्या होत्या. जेवणाच्या टेबलावर त्याने ती शांतपणे सांगितली आणि विचारले, "बाबा, तुम्हाला हे कशाला हवंय?"

पुण्याच्या मावशीने फोनवर असेच विचारले होते, तेव्हा उत्तर सोपे होते. तिला वाटले, चोराचिलटांसाठी. तिला म्हटले, "अगं मावशी, इथले नियम असे, की शस्त्र तिजोरीत, नेताना रिकामे करून कुलूपबंद पेटीत. मी तिजोरी उघडेपर्यंत चोर फराळ करून, हात धुऊन जाईल." मुलापुढे हे चालले नाही. त्याला म्हटले, "त्या दीडशे सेकंदांत मला कचेरी आठवत नाही, कर्ज आठवत नाही, आजीचा रक्तदाब आठवत नाही. पाच गोळ्या, एक माशी. एवढ्यासाठी." तो जरा वेळ थांबून म्हणाला, "ते बावीसवर होत नाही का?" म्हटले, "होतं. पण याच्यावर होणं कठीण आहे. हात घाबरतो, आणि घाबरलेला हात शांत करायचा असतो." त्याचे समाधान झाले की नाही ते त्याच्या चेहऱ्यावरून कळले नाही. मुले या वयात चेहऱ्यावर फारसे काही ठेवत नाहीत.

त्याच्या आईचा प्रश्न निराळाच निघाला. कायद्याने शस्त्राची तिजोरी ठराविक मजबुतीची हवी; २०१७ पासून युरोपीय मानकाप्रमाणे किमान शून्य दर्जाची. ती भिंतीला बोल्टने जखडायची. इथपर्यंत ठीक. पण पुढचा नियम असा, की ज्याच्याजवळ परवाना नाही त्याच्या हाती तिजोरीची किल्ली किंवा आकडा लागता कामा नये. मग ती व्यक्ती घरची बायको का असेना. २०२३ मध्ये म्युन्स्टरच्या वरिष्ठ प्रशासकीय न्यायालयाने तर असे सांगितले की किल्लीसुद्धा तेवढ्याच मजबूत तिजोरीत ठेवली पाहिजे. तेव्हा दुकानदाराच्या सल्ल्याने मी आकड्याचे कुलूप ठरवले, आणि रात्री घरी येऊन हे सगळे सरळपणे सांगितले.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "अहो, लग्नाला एकोणीस वर्षं झाली. या घरात अशी एक तरी वस्तू आहे का, जी कुठे आहे आणि कशी उघडते ते मला माहीत नाही?"

नव्हती. बँकेच्या किल्ल्या तिच्याकडे, पासपोर्ट तिच्याकडे, माझ्या दाढीच्या ब्लेडचा साठा कुठे आहे तेही तिलाच ठाऊक. आपल्या घरांतून लक्ष्मी बाईच्या कमरेच्या किल्ल्यांच्या जुडग्यात राहते. पदर खोचून ती जुडगी सांभाळणारी आई पाहत ही मुलगी सांगलीच्या वाड्यात वाढली, आणि आता सात समुद्रापलीकडच्या घरात, स्वतःच्या नवऱ्याकडून तिला सांगितले जात होते की एक कप्पा तुझा नाही.

"तूही परवाना काढ," मी म्हटले. तशी तरतूद आहे. एका घरात राहणारी दोन परवानाधारक माणसे एकत्र तिजोरी ठेवू शकतात. ती म्हणाली, "मला नको. मला पिस्तूल नको आहे, आणि किल्लीसाठी पिस्तूल शिकणं हे दुधासाठी वाघीण पाळण्यासारखं आहे."

पुढे दोन आठवडे तिजोरीचा विषय निघाला नाही. मग एका रविवारी तीच म्हणाली, "मला तुमचं ते मंडळ बघायचंय." मी घेऊन गेलो. तिने कानांवर रक्षक चढवून मागच्या बाकावर बसून दोन तास सगळे पाहिले. गोळीबार थांबवण्याचा पुकारा झाला की प्रत्येक जण शस्त्र रिकामे करून, उघडे ठेवून, हात मागे घेऊन उभा राहतो. देखरेखीचा माणूस एकेकाजवळ जाऊन स्वतः पाहतो. तोवर लक्ष्याकडे कुणी पाऊल टाकत नाही. वस्ताद एका नवख्याची परीक्षा घेत होते. भरलेल्या काडतुसांत त्याच्या नकळत एक पोकळ काडतूस घालतात. चाप ओढला, आवाज झाला नाही, आणि तरीही नळी खाली डुचकली, की समजायचे, हात धक्क्याची वाट पाहत घाबरला आहे. शेवटी शिशाची धूळ नको म्हणून सगळ्यांनी गार पाण्याने हात चोळचोळून धुतले, तेव्हाच बटाट्याची कोशिंबीर वाटली गेली. परतताना ती म्हणाली, "हात न धुता जेवायला बसू देत नाहीत. एवढं सोवळं तर आमच्या आजीकडेसुद्धा नव्हतं."

त्या रात्री तिने तीन अटी घातल्या. पहिली: आकडा कुणाच्या वाढदिवसाचा, लग्नाच्या तारखेचा किंवा गाडीच्या नंबराचा नसावा, मुलगा हुशार आहे. दुसरी: पिस्तूल घरी येईल त्या दिवशी मुलासमोर उघडून, रिकामे करून दाखवायचे आणि नियम समजावायचे, म्हणजे त्याला त्यात गूढ राहणार नाही. तिसरी अट तिने हात पुसत पुसत सांगितली: "ज्या दिवशी मी म्हणेन की हे आता घरात नको, त्या दिवशी ते घरातून जायचं. का, असं विचारायचं नाही. मुलाच्या चेहऱ्यात काही दिसलं, तुमच्या चेहऱ्यात काही दिसलं, किंवा मला नुसती झोप लागली नाही, तरी."

मी तिन्ही मान्य केल्या. तिसरी मान्य करताना मला जाणवले की किल्ली तिच्याकडेच आली.

पिस्तूल जुनेच घेतले, दुकानातून, वस्तादांना बरोबर घेऊन. म्हाताऱ्याने ते घोडेबाजारात घोडा पाहावा तसे पाहिले. प्रथम रिकामे आहे याची दोनदा खात्री. मग नळीतून उजेडाकडे पाहून आतल्या आट्यांची धार. वरचा पाट बंद असताना खेळतो किती. घोडा चढवून अंगठ्याने मागून दाबले तर सुटतो का. मॅगझिनच्या ओठांना पोचा आहे का. "याने गोळ्या पुष्कळ खाल्ल्या आहेत," ते म्हणाले, "पण मालकाने तेल दिलेले आहे. घे. स्प्रिंग बदल." दुकानदाराने कार्ड पाहून नोंद केली, दोन आठवड्यांच्या आत कचेरीत कळवायचे असते, ते मी दुसऱ्याच दिवशी कळवले. नव्याच्या निम्म्या किमतीत काम झाले, आणि उरलेल्या पैशातली बरीचशी रक्कम तिजोरीने खाल्ली.

ठरल्याप्रमाणे मुलाला बोलावले. मी सगळे सुटे करून टेबलावर वर्तमानपत्रावर मांडले: नळी, स्प्रिंग, पाट, मूठ. त्याने नियम ऐकले, एकदोन प्रश्न विचारले, ते प्रश्न स्प्रिंगबद्दल होते. मग म्हणाला, "एवढंच?" आणि आपल्या हँडबॉलच्या सरावाला गेला. त्याच्या आईने माझ्याकडे पाहिले. त्या 'एवढंच'ने तिला किती हायसे वाटले ते मला दिसले.

वसंतातल्या मंडळाच्या स्पर्धेत चारशेपैकी तीनशे बारा गुण पडले. वस्ताद म्हणाले, "सावकाशच्या गोळ्यांत कोल्हापूर दिसते. घाईच्या गोळ्यांत अजून तू दिसतोस."

गेल्या दिवाळीच्या आधीच्या शुक्रवारी मी रवा आणि बेसन आणायला स्टुटगार्टच्या भारतीय दुकानात गेलो होतो. घरी कढईत चकल्या. दाराची घंटा वाजली; जिल्हा कचेरीचे दोघे जण, एक बाई आणि एक तरुण मुलगा, ओळखपत्र दाखवून उभे. शस्त्राची साठवण पाहायला आलो आहोत, म्हणाले. सौभाग्यवतींनी सांगितले, नवरा अर्ध्या तासात येईल. तिजोरी आतल्या खोलीत आहे. त्या बाईंनी विचारले, "तुम्हाला उघडता येईल का?"

"नाही. आकडा मला माहीत नाही."

"मुळीच नाही?"

"या घरातली तेवढी एकच गोष्ट मला माहीत नाही."

त्या बाई हसल्या आणि म्हणाल्या, हेच उत्तर हवे असते. मी आलो तेव्हा दोघे स्वयंपाकघराच्या दाराशी उभे होते. तरुणाच्या हातात अर्धी चकली होती, आणि सौभाग्यवती त्याला भाजणीत काय काय धान्ये असतात ते सांगत होत्या. तिजोरी उघडली, त्यांनी पिस्तुलावरचा क्रमांक कार्डाशी ताडून पाहिला, काडतुसे पाहिली, कागदावर खूण केली. दहा मिनिटांत काम आटोपले.

ते गेल्यावर मी म्हटले, "परीक्षेत पास झालो."

"झालो म्हणजे? मी झाले," ती म्हणाली, आणि झारा माझ्या हातात दिला. "आणि तिसरी अट अजून आहे, विसरू नका. आता ह्या चकल्या उलटा, करपतील."